दुर्बीण, टेपरेकॉर्डर आणि हवाना: 'मेमोरियास देल सुबदेसार्रोयो' (१९६८)

रीळवेडा

क्युबाचा हा सिनेमा (नावाचा अर्थ 'मागासलेपणाच्या आठवणी') परवा पुन्हा बघितला आणि आता कुणाशी तरी वाद घातल्याशिवाय चैन पडणार नाही म्हणून धागा काढतोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

दिग्दर्शक तोमास गुतिएर्रेस आलेआ. एदमुंदो देस्नोएसच्या १९६५ च्या कादंबरीवरून केलाय. रहस्यभेदाची काळजी करू नका, गोष्ट अशी फारशी नाहीच. सेर्हिओ म्हणून एक चाळिशीला टेकलेला, दिसायला बरा, खाऊनपिऊन सुखी माणूस. १९६१ साली हवानाच्या विमानतळावर बायकोला आणि आईबापांना मायामीच्या विमानात बसवून देतो आणि स्वतः मागे राहतो. का राहतो? कास्त्रोच्या क्रांतीचं प्रेम ऊतू चाललंय असं काही नाही. जायचाही कंटाळा, आणि थोडी उत्सुकता की बघू तरी काय होतंय. घरी येऊन टाइपरायटरपुढे बसतो, आता निवांत लिहायचं म्हणतो, आणि मग सिनेमाभर काहीही करत नाही. बाल्कनीत दुर्बीण लावलीय तिच्यातून शहर बघतो, रस्त्याने बायकांकडे बघत हिंडतो, बायकोची लिपस्टिक आणि पायमोजे काढून त्यांच्याशी खेळत बसतो, जुनं आठवतो. एप्रिल १९६१ ला प्लाया हिरोनवर (आपल्याकडे पेपरात बे ऑफ पिग्ज यायचं ते) अमेरिकेच्या पाठबळाने क्युबन निर्वासितांचं आक्रमण होऊन गेलंय आणि ऑक्टोबर १९६२ चं क्षेपणास्त्रांचं संकट अजून यायचंय, या मधल्या काळात हा माणूस एकटा फिरतोय, बस्स.

आता मला काय म्हणायचंय ते. याच्याबद्दल वाचायला गेलं की दोनच सूर सापडतात. एक म्हणजे हा क्रांतीमुळे भ्रमनिरास झालेल्या विचारवंताचा आवाज आहे, दुसरा म्हणजे हा बूर्ज्वा माणसाची टर उडवणारा क्रांतिकारी सिनेमा आहे. मला दोन्ही पटत नाही. मला वाटतं आलेआला सेर्हिओच्या मतांवर फार आक्षेप नाहीये, त्याचा संशय सेर्हिओच्या आठवणींवर आहे. हा आपला खर्जातल्या आवाजात काहीतरी आठवायला लागला रे लागला की सिनेमा गुपचूप शेजारी एक पुरावा आणून ठेवतो.

टेपचं बघा. बायको गेल्यावर तो रिकाम्या घरात एक टेप लावतो, त्यात दोघांचं भांडण आहे, त्याने तिला न सांगता रेकॉर्ड केलेलं. पहिल्यांदा आपण ते नुसतं ऐकतो आणि चित्रात तो एकटा तिच्या वस्तू हाताळतोय, तेव्हा आपल्याला वाटतं बिचारा विरहात आहे. बऱ्याच वेळाने तेच भांडण दिसतं पण, आणि मग कळतं की हा माणूस मुद्दाम तिला डिवचत होता, मजा म्हणून. आवाज तोच, शब्द तेच, आणि आपलं मत उलटंपालटं.

किंवा नोएमी. घरकामाला येणारी मुलगी, प्रोटेस्टंट. ती बाप्तिस्म्याबद्दल सांगते आणि याच्या डोक्यात लगेच ओल्या कपड्यातली ती, पाणी, संगीत, एकदम मादक दृश्य तयार. नंतर ती एके दिवशी त्या बाप्तिस्म्याचे फोटो घेऊन येते तर साधं चर्च, बाजूला माणसं उभी आहेत, कुठे काय मादक! मला तर इथे हसूच आलं.

फॉर्मबद्दल थोडं. बातमीपटांचे तुकडे, स्थिरचित्रं, टीव्हीवरची दृश्यं, रस्त्यावरच्या खऱ्या माणसांचे थकलेले चेहरे, सगळं गोष्टीत मिसळलंय. मध्येच सेर्हिओ एलेना नावाच्या पोरीला सिनेमाच्या ऑफिसात घेऊन जातो तिथे स्वतः आलेआ बसलाय आणि क्रांतीआधीचा हुकूमशहा बातिस्ताच्या काळात सेन्सॉरने कापलेले तुकडे दाखवतोय, चुंबनं, कपडे उतरवणं, तेच तेच परत परत. म्हणतो, यांचं काहीतरी कोलाजसारखं करायचा विचार आहे. तो कोलाज म्हणजे आपण खुर्चीत बसून बघतोय तोच सिनेमा, हे कळलं की अंगावर काटा येतो.

तर माझा प्रश्न: सेर्हिओला सगळं दिसतं. मग त्या दिसण्याचं करायचं काय?

साबुदाणा

चहा संपला, पोस्ट संपली नाही. 😀 पण बघणार. बाल्कनी, दुर्बीण, काम शून्य, मतं हजार. आमच्या सोसायटीत असे चार सेर्हिओ आहेत फक्त त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे.

पेठेतला शहाणा

बघितलाय. फिल्म क्लबवाल्यांनी डोक्यावर घेतलेला आणखी एक कंटाळवाणा सिनेमा असं माझं प्रामाणिक मत. इटालियन लोकांनी त्याच दशकात हेच केलं होतं, सुंदर कपड्यातला रिकामा माणूस, रिकामं शहर, लांब शॉट आणि कंटाळा. त्याला क्युबाची फोडणी दिली की झालं का क्रांतिकारी? आलेआ रोमला शिकून आला होता, तिथला माल इथे आणला.

रीळवेडा

@पेठेतला शहाणा, रोमला शिकला हे खरंय, चेंत्रो स्पेरिमेंताले या फिल्मशाळेत. पण परत आल्यावर पहिल्यांदा काय केलं बघा ना. १९५५ ला हुलिओ गार्सिया एस्पिनोसाबरोबर 'एल मेगानो', दलदलीत कोळसा करणाऱ्या मजुरांवरचा छोटा सिनेमा, तो बातिस्ताच्या पोलिसांनी जप्त केला. म्हणजे गडी काही युरोपच्या आठवणी काढत बसणाऱ्यातला नव्हता.

आणि तुम्ही म्हणताय तोच तर डाव आहे! सेर्हिओ स्वतःला युरोपियन सिनेमातला नायक समजतो. तसा चालतो, तसा बोलतो, तसाच कंटाळतो. आलेआने तो नायक जसाच्या तसा उचलून अशा शहरात सोडलाय जिथे कंटाळायला कुणालाच वेळ नाही, लोक रायफल घेऊन कवायतीला चाललेत. मिलानमध्ये जे खोल वाटलं असतं ते हवानात ऐट वाटतं. एल एन्कान्तो म्हणून मोठं दुकान होतं, एप्रिल १९६१ मध्ये घातपाताच्या आगीत जळालं, तर याला त्याचं दुःख काय, की आता हवाना खेडेगाव वाटतं, पूर्वी शहराला कॅरिबियनमधलं पॅरिस म्हणायचे. आता याला खोल म्हणायचं का सांगा.

गिरणगावकर

धागा छान. एक गोष्ट सगळे विसरतात ती सांगतो. हा माणूस खातो काय?

सेर्हिओचं फर्निचरचं दुकान होतं, बापाने काढून दिलेलं, आणि तो घरमालक होता. ऑक्टोबर १९६० मध्ये क्युबात शहरी सुधारणांचा कायदा आला, भाडेकरूंनी भरायचं भाडं हाच घराचा हप्ता धरायचा आणि काही वर्षांत घर त्यांच्या नावावर. मालकांची घरं गेली पण त्यांना दरमहा भरपाई ठरवून दिली. सिनेमात दोन सरकारी माणसं चौकशीला घरी येतात, किती खोल्या, किती माणसं, उत्पन्न कशाचं, आणि हा थंडपणे उत्तरं देतो. तिथे नीट ऐका. म्हणजे याची बैठी मिळकत चालू आहे. हा जो एकांत आहे, हे जे चिंतन आहे, त्याचा महिन्याचा खर्च क्रांतीच देतेय! ज्या सरकारबद्दल भ्रमनिरास झाला त्याच सरकारच्या पैशावर भ्रमनिरास चालू.

मुंबईतल्या माणसाला हे लगेच कळतं. आमच्याकडे १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा, त्यातून पागडी, त्यातून दोन पिढ्यांची कोर्टकचेरी. मालक म्हणणार लुटलं, भाडेकरू म्हणणार हक्काचं. आमच्या चाळीचे मालक क्युबात असते तर सेर्हिओपेक्षा जास्त बोंबलले असते एवढं नक्की.

तिरपी मांजर

मला एलेनाबद्दल बोलायचंय कारण रीळवेडा तिला 'एक पोरगी' म्हणून एका ओळीत उरकून पुढे गेले आणि सेर्हिओही नेमकं तेच करतो.

ती सोळा-सतरा वर्षांची आहे. नटी व्हायचंय तिला. हा ३८ वर्षांचा माणूस तिला ओळखीचं आमिष दाखवतो, बायकोचे कपडे देतो, घरी नेतो. मग तिला म्युझियम दाखवतो, पुस्तकांच्या दुकानात नेतो, हेमिंग्वेच्या घरी नेतो, आणि ती कंटाळली की याला वाटतं ही मागासलेली. त्याचं एक मोठं तत्त्वज्ञान आहे, की मागासलेपणाची खूण म्हणजे गोष्टींचा एकमेकींशी संबंध लावता न येणं, अनुभव साठवता न येणं. आज हसायचं, उद्या रडायचं, कालचं आज लक्षात नाही. हे तो एलेनाकडे बघून म्हणतो!! अरे पण आपल्या बायकोशी जे वागलास तेच हिच्याशी वागतोयस, अनुभव कुणी साठवला नाही मग?

आणि कोर्ट. तिच्या घरचे त्याच्यावर बलात्काराची केस करतात, तो निर्दोष सुटतो. सिनेमा तिच्या घरच्यांना असं दाखवतो की आरडाओरडा करणारे, लग्न लावून द्यायच्या मागे लागलेले, आणि आपण नकळत सेर्हिओच्या बाजूने श्वास रोखून बसतो. हे आलेआने मुद्दाम केलंय की त्यालाही तेवढंच दिसलं? मला यातली दुसरी शक्यता खरी वाटते. कॅमेरा सेर्हिओवर कितीही संशय घेऊ दे, एलेनाच्या बाजूचा एकही पुरावा सिनेमात नाही. तिची टेप कुठाय? तिचे फोटो कुठायत?

खिडकीतली

+१ तिरपी मांजर. "तिची टेप कुठाय" हे फारच नेमकं.

रीळवेडा

@तिरपी मांजर, रास्त आहे, यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एकच सांगतो, सुटल्यावर सेर्हिओला आनंद होत नाही. तो म्हणतो त्याचा अर्थ असा की मी इतकं बघितलंय की मला निष्पाप म्हणता येणार नाही आणि त्यांच्या डोक्यात इतका अंधार आहे की त्यांना दोषी म्हणता येणार नाही. हे वाक्य ऐकायला फार भारी आहे आणि त्यात तो पुन्हा स्वतःलाच वरच्या पायरीवर ठेवतोय हे नंतर लक्षात येतं. निदान हेमिंग्वेच्या घरी तरी आलेआ त्याला आरसा दाखवतो. तिथे सेर्हिओ हेमिंग्वेच्या नोकराबद्दल बोलतो, की साहेबाने हे पोर लहानपणी उचललं आणि स्वतःच्या गरजेप्रमाणे घडवलं, मालक आणि गुलाम. अगदी बरोबर निदान! आणि शेजारी एलेना उभी आहे.

तिरपी मांजर

हो, तो सीन चांगलाय. तरी माझा मुद्दा शिल्लक राहतो. 🙂

नुसता वाचक

वाचतोय. परिसंवादाच्या सीनबद्दल कुणी लिहा ना, तो मला झेपला नव्हता.

पेठेतला शहाणा

तो सीन मलाही आवडला हे कबूल करतो, मराठी साहित्य संमेलनात आल्यासारखं वाटतं. मंचावर साहित्य आणि अविकसित समाज यावर थोर चर्चा चालू. बसलेले लोक खरे लेखक आहेत, हैतीचा रेने देपेस्त्र, अर्जेंटिनाचा दाविद विन्यास, इटलीचा जान्नी तोती आणि खुद्द देस्नोएस, तोंडात चिरूट. काळ्या माणसांवरच्या अन्यायाबद्दल बोलणं चाललंय आणि एक काळा वेटर निमूटपणे सगळ्यांच्या ग्लासात पाणी ओततोय, मंचावरचं कुणी त्याच्याकडे बघत नाही. मग श्रोत्यांमधून जॅक गेल्बर, अमेरिकन नाटककार, तोही खराच, उठून इंग्रजीत विचारतो की तुमची क्रांती जर एवढी सर्वंकष आहे तर मग हा परिसंवादासारखा जुनाट प्रकार कशाला? सेर्हिओ बाहेर पडताना मनात म्हणतो, अमेरिकन बरोबर बोलला. आणि देस्नोएसची टिंगल करतो, क्युबाबाहेर तुला काळं कुत्रं विचारलं नसतं, इथे बघा कसा चिरूट ओढत बसलाय.

कादंबरीकाराने स्वतःच्या पात्राकडून शिव्या खायच्या, तेही पडद्यावर स्वतः हजर राहून. आपल्याकडचा लेखक असता तर आधी मानधन किती विचारलं असतं.

साबुदाणा

आणि नंतर श्रीफळ.

खिडकीतली

मला सुरुवातीबद्दल लिहायचंय. पहिलाच सीन, उघड्यावर नाच चाललाय, पेयो एल आफ्रोकानचा बँड, ढोल असे की खुर्चीत पाय थांबत नाहीत. गर्दी जवळजवळ सगळी काळी माणसं. अचानक गोळीचा आवाज, एक माणूस पडतो, त्याला उचलून नेतात, आणि नाच थांबतच नाही! मग एक बाई कॅमेऱ्यात रोखून बघते आणि तिथे चित्र गोठतं. आपल्याला काहीच कळत नाही. सिनेमा बराच पुढे गेल्यावर हाच नाच परत येतो पण आता त्यात सेर्हिओ आहे, गर्दीत एकटा गोरा, अंग चोरून चाललेला, आणि ढोलांच्या जागी दुसरंच संगीत. पहिल्यांदा आपण त्या गर्दीतले होतो, दुसऱ्यांदा आपल्याला त्याच्या कानांनी ऐकायला लावलंय. संगीत लेओ ब्रोउएरचं, गिटारवाले लोक त्याला ओळखत असतील.

आता थोडं अवांतर. १९६१ मध्येच 'पी.एम.' म्हणून एक छोटासा माहितीपट आला होता, साबा काब्रेरा इन्फांते आणि ओर्लांदो हिमेनेस लेआल या दोघांचा. हवाना बंदरावरचे बार, रात्र, दारू, नाचणारी काळी माणसं, एवढंच. निवेदन नाही, घोषणा नाहीत. त्याच्यावर बंदी आली. त्यावरून गदारोळ झाला आणि जूनमध्ये राष्ट्रीय ग्रंथालयात लेखक-कलावंतांपुढे फिडेलने ते प्रसिद्ध भाषण केलं, क्रांतीच्या आत सगळं चालेल, क्रांतीच्या विरोधात काहीही नाही. सिनेमा आणि सत्ता यांच्या भांडणाची तिथली पहिली मोठी ठिणगी हीच. तर १९६८ मध्ये आलेआ आपला सिनेमा नेमका रात्रीच्या नाचाने सुरू करतो, हा योगायोग असेलही पण मला तसं वाटत नाही. ज्या संस्थेने 'पी.एम.' अडवला त्या आयसीएआयसीतच, म्हणजे क्युबाच्या सरकारी सिनेमा संस्थेतच, आलेआ काम करत होता.

हडसनकाठचा

न्यूजर्सीतून लिहितोय. इथे युनियन सिटी म्हणून गाव आहे, एकेकाळी क्युबन लोकांनी भरलेलं, लोक गमतीने हडसनवरचं हवाना म्हणतात. माझ्या ऑफिसातला एक जण तिथला, त्याचं कुटुंब १९८० मध्ये क्युबातल्या मारिएल बंदरातून निघालेल्या लोंढ्यात आलं, तेव्हा काही महिन्यांत सव्वा लाख माणसं बोटींनी आली होती. त्याच्याशी या सिनेमावर बोललो तर तो उखडलाच. म्हणाला, घरमालकाच्या कंटाळ्यावर दीड तास घालवला, रेशनच्या रांगा कुठायत, तुरुंग कुठायत, १९६५ नंतरच्या लष्करी श्रमछावण्या कुठायत जिथे धार्मिक आणि समलिंगी पोरांना पाठवलं? त्याला म्हटलं सिनेमाची गोष्ट १९६२ ला संपते. तर म्हणे, गोष्ट संपते पण सिनेमा १९६८ चा आहे ना, बनवणाऱ्याला ठाऊक होतंच की.

मला यावर बोलता आलं नाही. इथे बसून क्युबाबद्दल रोमँटिक होणं सोपं आहे हे मान्य करायला पाहिजे. पण मग मी त्याला दाखवलं की आलेआनेच १९९३ ला 'फ्रेसा इ चोकोलाते' केला हुआन कार्लोस ताबिओबरोबर, समलिंगी माणूस आणि तरुण कम्युनिस्ट यांच्या मैत्रीवर, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. तर म्हणतो, पंचवीस वर्षं उशीर केला. असो. दोघांनी कॉफी प्यायली.

गिरणगावकर

@हडसनकाठचा, तुमच्या मित्राचा राग खोटा नाही. आमच्याकडच्या डाव्यांनाही या प्रश्नांना भिडायला जड गेलं. १९९२ मध्ये सोव्हिएत युनियन कोसळल्यावर क्युबाचे हाल चालले होते तेव्हा इथल्या मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने वर्गणी, धान्य गोळा करून १०,००० टन गव्हाचं जहाज पाठवलं. मला त्याचा अभिमान होता आणि आहे. पण श्रमछावण्यांबद्दल त्या सभांमध्ये कुणी चकार शब्द काढला नाही हेही तितकंच खरं. गहू पाठवायला हरकत नव्हती, विचारायलाही नव्हती.

पण मग सेर्हिओचं काय करायचं? तो तरी कुठे विचारतो? सगळं मनातल्या मनात. हवानातल्या मेन या अमेरिकन युद्धनौकेच्या स्मारकावरचा अमेरिकन गरुड काढून टाकला, तिथे पिकासो कबुतर पाठवणार होता ते आलं नाही, त्यावर दुर्बिणीतून टोमणा मारतो, पॅरिसमध्ये बसून लक्षाधीश कम्युनिस्ट होणं आरामाचं असतं. टोमणा पिकासोला आणि तो मारणारा बाल्कनीत बसलेला. मला अशा माणसांचा राग येतो. १९८२ च्या संपात खूप बघितले, सगळं आधीच माहीत असलेले.

रीळवेडा

गिरणगावकर, राग येणं बरोबर आहे पण एक बघा, सेर्हिओ नसता तर हा सिनेमा फक्त बातमीपट झाला असता. आलेआकडे बातमीपट होतेच. मध्ये एक मोठा तुकडा आहे प्लाया हिरोनच्या कैद्यांचा. साधारण १,४०० जण उतरले, ११०० च्या वर पकडले गेले, त्यांची जाहीर सुनावणी झाली. सिनेमा तिथे गोष्ट बाजूला ठेवून निबंधासारखा बोलायला लागतो, की यात पाद्री आहे, व्यापारी आहे, तत्त्वज्ञ आहे, जमीनदारांची पोरं आहेत आणि एक छळ करणारा आहे. बाकीचे सगळे म्हणणार आमचे हात स्वच्छ आहेत, कारण घाण काम त्या एकाकडे दिलेलं. हा विचार आर्जेंटिनाच्या लेओन रोसित्च्नरच्या पुस्तकातून घेतलाय. आणि हे निवेदन कुणाच्या आवाजात आहे? सेर्हिओच्याच! म्हणजे त्याला आपल्या वर्गाचं पोस्टमॉर्टेम करता येतं. पाब्लो नावाचा मित्र मायामीला निघालेला असतो त्याच्याबद्दल तो म्हणतो की ही क्रांती माझा नाश करो, पण या मूर्ख बूर्ज्वांवरचा तो माझा सूड आहे. क्रांतीकडे यायला त्याच्याकडे सूड सोडून दुसरी वाटच नाही. मला हे भयंकर वाटतं, आणि ओळखीचंही.

त्यामुळे तो फसवा माणूस आहे म्हणून सोडून देता येत नाही आणि बरोबर बोलतो म्हणून मागेही जाता येत नाही. अमेरिकेत याचा बरोबर उलटा अर्थ लावला गेला. तिथे हा १९७३ ला लागला, समीक्षकांना वाटलं वा, कम्युनिस्ट देशातला बंडखोर दिग्दर्शक! नॅशनल सोसायटी ऑफ फिल्म क्रिटिक्सने पुरस्कार दिला, तो घ्यायला जायला १९७४ मध्ये अमेरिकेनेच आलेआला व्हिसा नाकारला. आणि आलेआ त्या कौतुकावरच वैतागला, मला बंडखोर म्हणू नका, मी क्रांतीच्या आतून टीका करतोय. शेवटपर्यंत क्युबात राहिला, १९९६ ला हवानात गेला.

नुसता वाचक

आपल्याकडचं याच्या जवळ जाणारं म्हणजे पायल कपाडियाचा 'अ नाईट ऑफ नोइंग नथिंग' (२०२१). पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधली ल नावाची मुलगी क ला पत्रं लिहितेय, जातीमुळे तुटलेलं प्रेम, आणि चित्रात २०१५ चा तो १३९ दिवसांचा संप, हैदराबाद, जेएनयू, जामिया. पत्रं कल्पित, बरीचशी दृश्यं खरी. कानमध्ये सर्वोत्तम माहितीपटाचं बक्षीस मिळालं. त्यातही आठवण, एकटेपण, राजकारण सगळं आहे पण ती मुलगी संपाच्या आत आहे, घाबरलेली आहे, नाचतेय, रडतेय. पोलीस बायकांकडे बघून त्यांच्या घरांचा विचार करते. सेर्हिओला समोरच्या रायफलवाल्या पोरीचं घर कुठाय असा प्रश्न कधी पडला नसता.

खिडकीतली

व्वा. ही तुलना सुचली नव्हती. लॉ कॉलेज रोडने, त्या इन्स्टिट्यूटवरून, रोज जाते आणि तो सिनेमा अजून बघितला नाहीये.

हडसनकाठचा

कुणी याचा पुढचा भाग बघितलाय का? 'मेमोरियास देल देसार्रोयो' (म्हणजे 'विकासाच्या आठवणी'), २०१०, दिग्दर्शक मिगेल कोयुला. तोही देस्नोएसच्याच नंतरच्या कादंबरीवरून. यात माणूस क्युबा सोडून अमेरिकेत आलाय, म्हातारा होत चाललाय, प्राध्यापकी केली, बायकांशी संबंध बिघडवले, आणि आता मासिकातली चित्रं कापून कोलाज करत बसतो. कोयुलाने कॅमेरा, संकलन जवळजवळ सगळं स्वतः केलंय, काही वर्षं लागली, दर चौकटीत काहीतरी चिकटवलेलं, कापलेलं, हलवलेलं आहे. पहिल्या सिनेमातला माणूस निदान क्रांतीशी भांडत होता. इथे तिकडचं स्वप्न गेलं आणि इकडचं स्वप्न दुकानात विकायला ठेवलंय, त्यामुळे भांडायलाही कुणी नाही. मला, खरं सांगतो, हा जास्त लागला. ग्रीनकार्डच्या रांगेत निम्मं आयुष्य गेलेल्या माणसाला का लागला ते विचारू नका.

पेठेतला शहाणा

तो अर्धा बघून बंद केला. डोकं दुखलं. पण तुम्ही म्हणताय तर उरलेला बघतो.

गिरणगावकर

एक माहिती देऊन थांबतो. सेर्हिओचं काम करणारा नट सेर्हिओ कोर्रिएरी. सिनेमा आला त्याच वर्षी, १९६८ ला, तो हवाना सोडून एस्काम्ब्राय डोंगरात गेला आणि शेतकऱ्यांमध्ये जाऊन नाटक करणारी मंडळी उभी केली, तेआत्रो एस्काम्ब्राय. पुढे सरकारच्या परदेश मैत्री संस्थेचा अध्यक्ष झाला, २००८ ला वारला तोपर्यंत. आणि परिसंवादात चिरूट ओढत बसलेला देस्नोएस? तो १९७९ ला देश सोडून न्यूयॉर्कला.

तिरपी मांजर

म्हणजे लेखक सेर्हिओ झाला आणि सेर्हिओ कार्यकर्ता झाला. 😀 

आता माझं राहिलेलं. मी वर विचारलं एलेनाची टेप कुठाय, तर शोधता शोधता सापडलं. सारा गोमेस. क्युबातली पहिली स्त्री जिने पूर्ण लांबीचा कथापट केला, काळी, आयसीएआयसीतच काम करणारी. 'दे सिएर्ता मानेरा'. त्यातही माहितीपट आणि गोष्ट मिसळलेली आहे, खरी माणसं आणि नट शेजारी शेजारी, पण गोष्ट झोपडपट्टी पाडून बांधलेल्या नव्या वस्तीतल्या एका शिक्षिकेची आणि तिच्या प्रियकराची, आणि त्यात बाईला मत आहे, ती भांडते. सारा गोमेस १९७४ मध्ये गेली, जेमतेम तिशी ओलांडलेली, सिनेमा अर्धवट राहिला, आणि तो पुरा कुणी केला तर आलेआ आणि गार्सिया एस्पिनोसा यांनी. म्हणजे आलेआला माहीत होतं बहुतेक की आपल्याकडून काय राहिलंय. रीळवेडा, यावर लिहा.

रीळवेडा

नाही, तो धागा तू काढायचा. मी प्रतिसादात भांडायला येतो.

साबुदाणा

आधी हा कुठे बघायचा ते सांगा कुणीतरी. आणि सबटायटल आहेत ना?

रीळवेडा

@साबुदाणा, बोलोन्याच्या चित्रपट संग्रहालयाने क्युबावाल्यांबरोबर प्रत दुरुस्त केलीय, तीच शोध. जुन्या प्रतीत रात्रीचे सीन नुसते काळे ठिक्कर दिसतात, तो पहिला नाच वाया जातो. सबटायटल आहेत.